अळंब्यांनीं शिकविलेला धडा

पावसाळा आला कीं आपल्या पनवेलचें रूप एका रात्रींत पालटतें. पहिल्या दोनतीन मोठ्या सरी पडून जमीन निवते न निवते तोंच गाढी नदी मातकट पाण्यानें भरून वाहूं लागते, कर्नाळ्याचा सुळका ढगांत दिसेनासा होतो, आणि तळ्यांच्या कांठीं, कुजलेल्या ओंडक्यांवर, शेणाच्या ढिगांवर, इतकेंच नव्हे तर नव्या वसाहतींतील बागांच्या हिरवळीवरही अळंबीं डोकीं वर काढतात. काल सायंकाळीं जेथें कांहींच नव्हतें, तेथें आज सकाळीं पांढऱ्या छत्र्यांची जत्रा भरलेली असते. लहानपणीं आम्ही मुलें त्यांस ‘कुत्र्याच्या छत्र्या’ म्हणून पायानें उडवून देत असूं. ज्या वस्तूला आपण पायानें उडवितों, तिच्यापासूनच पुढें एक धडा घ्यावा लागेल, हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.

यंदा शाळेचा निरोप घ्यावयाचा आहे. वार्षिक अंकासाठीं कांहीं तरी लिही, असें मराठीच्या बाईंनीं सांगितलें, तेव्हां सहलीचें वर्णन लिहावें कीं क्रीडामहोत्सवाचें, याचा मीं पुष्कळ विचार केला. परंतु या शाळेंत जें जें शिकलों, त्यांतील माझ्या अंगीं खरोखर बाणलेली गोष्ट कोणती, असें मनाला विचारतां उत्तर एकच आलें. ती गोष्ट मी बक्षीस मिळवून शिकलों नाहीं. चूक करून शिकलों. म्हणून ती चूकच येथें लिहीत आहें.

आरंभ एका प्रश्नापासून झाला. मी तेव्हां नववींत होतों. फूल, फळ आणि बीं असा क्रम वर्गांत शिकवून झाल्यावर मीं शास्त्राच्या सरांना विचारलें, “सर, अळंब्याला ना फूल, ना फळ, ना बीं, मग तें उगवतें कोठून?” ढग गडगडले कीं अळंबीं वर येतात, असें माझी आजी नेहमीं म्हणत असे. कालिदासाच्या मेघदूतांतही मेघाच्या गर्जनेनें पृथ्वीवर शिलींध्रें उगवतात, असा उल्लेख आहे. शिलींध्र या शब्दाचा अर्थ कोणी भूछत्र असा करितात, तर कोणी कंदलीचें फूल असा. सर हंसले आणि म्हणाले, “तुझी आजी आणि कालिदास, दोघेही ऋतु बरोबर सांगतात. पण बीं कोठें आहे तें पाहावयाचें असेल, तर उद्यां येतांना एक पुरतें उघडलेलें अळंबें घेऊन ये. आणि हात लावलास कीं हात स्वच्छ धुवून टाक.”

दुसऱ्या दिवशीं मी शाळेच्या कुंपणाजवळचें एक अळंबें कागदांत गुंडाळून नेलें. सरांनीं त्याचा दांडा छत्रीच्या अगदीं जवळून कापला. छत्रीच्या खालच्या बाजूस पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे मध्यापासून कडेपर्यंत गेलेले होते. अर्धा पांढरा व अर्धा काळा असा एक कागद त्यांनीं मेजावर पसरला, पापुद्रे खालीं येतील अशी ती छत्री त्यावर ठेवली, वर पाण्याचा एक थेंब सोडला आणि सारें कांचेच्या वाडग्यानें झांकून टाकलें. मी उत्सुकतेनें विचारलें, “आतां, सर?” ते म्हणाले, “आतां उद्यां.”

‘उद्यां’ हा शब्द त्या वेळीं मला फार कंटाळवाणा वाटला. तो शब्द किती मोलाचा आहे, हें कळावयास मला आणखी एक महिना लागला.

सकाळीं वाडगा उचलला आणि छत्री अलगद बाजूला केली. कागदावर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी एक नाजूक आकृति उमटली होती. प्रत्येक पापुद्र्याची जागा बारीक धुळीच्या रेषेनें दाखविली होती. घरांतल्या कोणाच्याही बोटाला इतकी रेखीव रांगोळी साधली नसती. सरांनीं सुईच्या टोकावर त्या धुळीचा कण घेतला, कांचपट्टीवरील पाण्याच्या थेंबांत मिसळला, वर पातळ कांचेची चकती ठेवली आणि ती पट्टी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं सरकविली. प्रथम लहान भिंगांतून पाहिलें, तेव्हां नुसते ठिपके दिसले. मग चारशें पट मोठें दाखविणारें भिंग फिरवून आणलें आणि मी चकित झालों. धूळ म्हणून जिला आपण फुंकून टाकूं, तो एकसारख्या लंबगोल दाण्यांचा ढीग होता. हे अळंब्याचे बीजाणु. प्रत्येक दाण्याच्या एका टोकाला किंचित् बांक व बारीकसें टोंक होतें, जेथें तो आपल्या देठाला जोडलेला होता.

या दाण्यांचें माप सांगितल्यावांचून वाचकांस त्यांची कल्पना येणार नाहीं. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील एका भागास मायक्रॉन म्हणतात. अळंब्यांचे बीजाणु बहुधा ५ ते १५ मायक्रॉन लांब असतात. शुभवर्तमानांतील मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत आपण सर्वांनीं प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. लहानपणाची उपमा द्यावयाची तर मोहरीहून लहान आपणांस कांहीं सुचत नाहीं. परंतु त्या मोहरीच्या एका दाण्याच्या रुंदीवर अळंब्याचे दीडदोनशें बीजाणु ओळीनें बसतील. जें लहान म्हणून आपण दृष्टांताला घेतों, तेंही कोणाच्या तरी मानानें डोंगराएवढें असतें, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें.

हे दाणे म्हणजे खरोखरीचें बीं होय, हें ओळखावयास माणसाला फार काळ लागला. १७२९ सालीं फ्लॉरेन्स येथील पिएर आंतोनियो मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथांत त्याचा पुरावा दिला. त्यानें खरबुजाच्या फोडींवर बुरशीची धूळ पेरली, आणि जी धूळ पेरली तीच बुरशी उगवली. गडगडाटानें अळंबें जन्मत नाहीं. जमिनींत आधींच पसरलेल्या पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्याला पावसाची ओल मिळाली कीं तें आपली छत्री वर पाठवितें, आणि तें जाळें अशाच बीजाणूंपासून वाढलेलें असतें.

त्या दिवसापासून मला अळंब्यांचें वेडच लागलें. शनिवारीं शाळा लवकर सुटे; मग मी तास दीड तास प्रयोगशाळेंत बसे. सरांनीं मला दाढीच्या पात्यानें पापुद्र्याचा अत्यंत पातळ काप घ्यावयास शिकविलें. पहिले वीसपंचवीस काप जाड आले व यंत्राखालीं नुसता अंधार दिसला. मग एकदां तो साधला. पापुद्र्याच्या कडेला लहान लहान मुदगलांसारख्या पेशींची दाट रांग होती. प्रत्येकीच्या माथ्यावर चार बारीक देठ, आणि प्रत्येक देठावर एक दाणा. चार बोटांच्या टोकांवर चार मोती तोलून धरावेत तसें तें दृश्य होतें.

ते दाणे आपोआप गळत नाहींत, हेंही मीं वाचलें. कॅनडांतील विनिपेग येथें शिकविणारे ए. एच. आर. बुलर यांनीं आपलें आयुष्य याच अभ्यासांत घालविलें. दाणा सुटण्यापूर्वीं त्याच्या बुडाशीं पाण्याचा एक अति सूक्ष्म थेंब जमतो. तो थेंब दाण्याच्या अंगावरील ओलाव्यांत एकाएकीं मिसळला कीं त्या झटक्यानें दाणा उडतो. तो उडतो केवळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे दोन पापुद्र्यांच्या फटीच्या मध्यापर्यंतच. त्याहून अधिक उडता तर समोरच्या पापुद्र्यास चिकटून बसता. मग तो सरळ खालीं पडतो व वाऱ्यावर निघून जातो. बुलर यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आठ सेंटिमीटर रुंदीच्या एका अळंब्याचा हिशेब दिला आहे. त्या एकट्यानें दोन दिवसांत सुमारें १८० कोटि दाणे सोडले! त्यांतील बहुतेक सर्व वायां जातात. एखादाच ओल आणि अन्न असलेल्या जागीं पडतो, म्हणून सारी पृथ्वी छत्र्यांनीं भरून जात नाहीं.

आणखी एक मौज. २०१५ सालीं अमेरिकेंतील कांहीं शास्त्रज्ञांनीं दमट हवेंत अशा बीजाणूंवर पाण्याचे थेंब धरतांना पाहिले, आणि वनांवर पाऊस पाडण्यास अळंब्यांच्या या धुळीचें साहाय्य होत असावें, असा तर्क मांडला. तो खरा ठरला तर मेघ अळंब्यांना उठवितो व अळंबीं मेघाला, असें म्हणावें लागेल. आजीला हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, “मग मीं काय वेगळें सांगत होतें?”

पाहतां पाहतां माझी एक वही ठशांनीं भरली. शेणावरच्या नाजूक, दुपारपर्यंत विरघळून जाणाऱ्या छत्र्यांचा ठसा शाईसारखा काळा निघाला. आंब्याच्या जुन्या खोडावर वाढलेल्या लांकडासारख्या कठीण भूछत्राची धूळ तपकिरी होती. बाजारांत डब्यांतून मिळणारीं गोल अळंबीं उघडूं दिलीं तर त्यांचा ठसा चॉकलेटी येई. भाताच्या कुजक्या पेंढ्यावरच्या अळंब्यांचा गुलाबी. वरून सारखीं दिसणारीं अळंबीं आपला खरा रंग खालच्या बाजूस लपवून ठेवतात, असें मोठें विद्वत्तेचें वाक्य मीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविलें होतें. तें वाक्य मीं लिहिलें; पण मला तें समजलें नव्हतें.

आमच्या घरीं अळंब्यांचा अधिकार आजीकडे. तिचें माहेर डोंगराच्या पायथ्याशीं. श्रावण जवळ आला कीं ठाकूरवाडीच्या बायका भल्या पहांटे रान तुडवून पानांच्या द्रोणांत अळंबीं घेऊन पनवेलच्या बाजारांत बसतात. आजी त्यांतील एका ओळखीच्या मावशीखेरीज दुसऱ्या कोणाकडून तीं घेत नसे. आणि घेई तींही फक्त वारुळावरचीं. दांडा हातांत धरून ती त्याचें लांबलचक, खालीं निमुळतें होत गेलेलें मूळ पाही. मूळ तुटलेलें असेल तर परत ठेवी. एकदां मीं त्या मावशींना विचारलें, “मावशी, तुम्हांला ओळखूं कसें येतें?” त्या म्हणाल्या, “दादा, मी अळंबें ओळखत नाहीं, जागा ओळखते. दर साली त्याच वारुळावर जाते. दुसरीकडचें कितीही चांगलें दिसलें तरी हात लावत नाहीं.”

त्या मुळाचें रहस्य मला पुढें कळलें. वारुळांतील वाळवी ही एक प्रकारची शेतकरीण आहे. ती चावलेल्या पालापाचोळ्याच्या व लांकडाच्या भुशाच्या वाफ्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढविते व तिच्यावर आपला निर्वाह करिते. पाऊस पडला कीं वारुळाच्या पोटांतील त्या वाफ्यांपासून अळंब्याचा दांडा माती भेदून वर येतो. म्हणूनच त्याचें मूळ इतकें लांब. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनीं १९४२ सालीं या जातींच्या कुळास ‘टर्मिटोमायसिस’, म्हणजे वाळवीची बुरशी, असें नांव दिलें. माणसाला हीं अळंबीं अद्याप शेतांत पिकवितां आलेलीं नाहींत. तें वाळवीलाच साधतें. म्हणूनच कोकणांत व गोव्यांत त्यांना एवढें मोल येतें.

आतां त्या दिवसाची गोष्ट. श्रावणांतला शनिवार होता. श्रावणांत आमच्या घरीं मांसमासे वर्ज्य असतात, त्यामुळें अळंब्यांच्या भाजीची सर्वांस विशेष आवड. आजी आठ दिवसांसाठीं पेणला मामांकडे गेली होती. सायंकाळीं काकू आमच्या वसाहतींतील बागेच्या हिरवळीवरून ओंजळभर मोठीं, पांढरीं शुभ्र अळंबीं घेऊन आल्या. छत्री वीतभर रुंद, मध्यें फिकट तपकिरी खवले, दांड्यावर सुरेख कडें. मीं लगेच त्यांतील एकाचा दांडा कापला व ती छत्री कागदावर ठेवून वाडग्यानें झांकली. इतक्यांत काकूंनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, “अरे, तुझा एवढा अभ्यास चालतो, हीं आजी आणतात तींच ना?”

मीं एक पुस्तक उघडलें. त्यांत एका खाण्याजोग्या अळंब्याचें रंगीत चित्र होतें. पांढरी छत्री, खवले, कडें, सारें जुळलें. पापुद्रे पाहिले तर पांढरे. दांड्याचा बुंधा मात्र गाठीसारखा फुगलेला होता. लांब मूळ मुळींच नव्हतें, आणि त्या हिरवळीवर वारूळही नव्हतें. हें माझ्या डोळ्यांना दिसलें. परंतु घरांतलें वडील माणूस आपणांस विचारीत आहे, या अभिमानानें माझी जीभ डोळ्यांच्या पुढें धांवली. “होय काकू, तशींच आहेत. खुशाल करा,” असें मी म्हणालों.

मला त्या दिवशीं ताप होता, म्हणून आईनें मला पेज दिली. आईला अळंब्यांचा वास सोसत नाहीं. बाबा रात्रपाळीला गेले होते. भाजी खाल्ली ती काकांनीं, काकूंनीं आणि माझ्या सहा वर्षांच्या चुलत बहिणीनें. “दादानें तपासलेली भाजी” म्हणून तिनें दुसऱ्यांदा मागून घेतली.

दोन तासांच्या आंत काकांना मळमळूं लागलें. पाठोपाठ तिघांनाही उलट्या व जुलाब सुरू झाले. बाहेर मुसळधार पाऊस. शेजाऱ्यांनीं आपली गाडी काढली आणि सर्वांना रुग्णालयांत नेलें. मोठीं माणसें बोलत तरी होतीं. लहानगी मात्र अंगांतलें पाणी जाऊन अगदीं मलूल झाली होती. तिचा हात माझ्या हातांत होता आणि तो गार लागत होता. त्या रात्रींचे तास मीं कसे काढले, हें येथें लिहिण्याची माझी शक्ति नाहीं.

तिच्या हाताला सलाईन लावल्यावर डॉक्टरांनीं पहिला प्रश्न हाच विचारला, “खाल्लेल्यांपैकीं एखादें अळंबें शिल्लक आहे काय?” तेव्हां मला त्या वाडग्याची आठवण झाली. उजाडतां उजाडतां शेजारच्या काकांबरोबर मी घरीं आलों, मेजापाशीं गेलों आणि वाडगा उचलला. कागदावर तीच चाकाच्या आऱ्यांची आकृति होती, परंतु तिचा रंग मीं आजवर वहींत कधींच न पाहिलेला होता. ती स्पष्ट हिरवी होती.

मी कागदासमोर उभाच राहिलों. रात्रभर उत्तर त्या कागदावर उतरत होतें, आणि मी त्याच्या आधींच स्वयंपाकघरांत उत्तर देऊन बसलों होतों. मला कांहीं नवीन शिकावयाचें नव्हतें, कोणतें मोठें यंत्र हवें नव्हतें, कोणा पंडिताला विचारावयाचें नव्हतें. फक्त दहा तास थांबावयाचें होतें.

तो कागद व ती छत्री आम्हीं डॉक्टरांकडे नेली. त्यांनीं जें समजाविलें तें सर्वांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हिरवा ठसा देणाऱ्या या अळंब्याचें शास्त्रीय नांव ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस’. उष्ण देशांत हिरवळीवर तें सर्रास उगवतें. कोंवळेपणीं त्याचे पापुद्रे पांढरेच असतात. बीजाणु पिकले कीं मग ते हिरवट होतात, आणि म्हणूनच तें फसवितें. तें खाल्ल्यावर एकदोन तासांत ओकाऱ्या व जुलाब होतात. त्यानें मृत्यु क्वचितच येतो, परंतु लहान मुलांच्या अंगांतलें पाणी कमी होऊन धोका संभवतो. याहूनही भयंकर अशा कांहीं जाती आहेत. त्यांचीं लक्षणें सहा ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ दिसत नाहींत, आणि तोंवर यकृताला इजा होऊं लागलेली असते. दोन जाती एकत्र शिजल्या असण्याचा संभव असतो, म्हणून लवकर ओकारी झाली तरी निश्चिंत राहूं नये. असें म्हणून त्यांनीं तिघांच्याही रक्ताची तपासणी केली. देवाच्या कृपेनें ती निर्दोष निघाली. तिसऱ्या दिवशीं सर्व घरीं आलीं.

मला कोणीं रागें भरलें नाहीं. काकूंनीं उलट स्वतःलाच दोष दिला, आणि तें मला शंभर छड्यांहून अधिक लागलें. आजी पेणहून परत आली, सारें ऐकून घेतलें आणि कांहीं वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अरे, मला तुझ्यासारखें वाचतां येत नाहीं. पण जें मला ठाऊक नाहीं, तें मला ठाऊक नाहीं, एवढें मला पक्कें ठाऊक आहे.”

पुढल्या शनिवारीं मी तो हिरवा कागद घेऊन सरांकडे गेलों व झालेलें सर्व सांगितलें. त्यांनीं उपदेश केला नाहीं. त्यांनीं दोन कांचपट्ट्या तयार केल्या. एकीवर त्या हिरव्या धुळीचा कण, दुसरीवर आजीच्या वारुळावरच्या अळंब्याच्या फिकट गुलाबी ठशाचा कण. “आतां तूंच पाहा, आणि घाई करूं नकोस,” एवढेंच ते म्हणाले. पहिल्या पट्टीवरचे दाणे मोठे, सुमारें दहा मायक्रॉन लांब, जाड कवचाचे. प्रत्येकाचें एक टोंक जणू कापून सपाट केलेलें व तेथें एक बारीक छिद्र. दुसऱ्या पट्टीवरचे दाणे लहान, गुळगुळीत, पातळ कवचाचे, छिद्र मुळींच नसलेले. पुस्तकांतल्या चित्रावरून जीं दोन अळंबीं मला एकसारखीं वाटलीं, तीं येथें एकमेकांना ओळखही देत नव्हतीं.

परंतु ठसा घेतां आला म्हणजे अळंबें खातां येईल कीं नाहीं हें कळलें, असा कोणीं समज करून घेऊं नये. ठसा जात ओळखण्याच्या कामीं एक साक्षीदार आहे. तो न्यायाधीश नव्हे. अत्यंत घातक अशा कांहीं अळंब्यांचा ठसा शुभ्र पांढरा असतो. शिजवितांना चांदीचें नाणें काळें पडलें तर विषारी, किडे खातात तें निर्विष, लसूण टाकून परीक्षा होते, अशा ज्या समजुती आपल्याकडे ऐकूं येतात, त्यांतील एकही विश्वासार्ह नाहीं. हल्लीं मोबाईलवर चित्र काढून नांव विचारण्याची सोय झाली आहे. परंतु तें यंत्रही वरचा रंगच पाहतें, जसा मीं पाहिला. पालकांस माझी नम्र विनंति आहे, कीं घराच्या आसपास उगवलेलें अनोळखी अळंबें पाहण्यासाठीं अवश्य आणावें, भांड्यांत कधींही टाकूं नये; आणि कोणीं खाल्लेंच तर उरलेलें अळंबें कागदांत गुंडाळून, त्रास होण्याची वाट न पाहतां, डॉक्टरांकडे जावें.

मागील उन्हाळ्यांत मीं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेविषयीं वाचलें. मालवणचे सुपुत्र, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तिचे पहिले संचालक. १९४६ सालीं ‘महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी’ या नांवानें ती स्थापन झाली. तेथें बुरशी व भूछत्रें यांच्या वाळविलेल्या नमुन्यांचा एक संग्रह आजरेकर यांच्या नांवानें जतन केलेला आहे. अशा संग्रहांत प्रत्येक नमुन्याबरोबर तो कोठें, केव्हां व कोणास सांपडला याची नोंद ठेवतात. पुढें कोणाला नांवाविषयीं शंका आली, तर तो नमुना बाहेर काढून पुन्हां पाहतां येतो. हें वाचून मला फार समाधान वाटलें. जे आयुष्यभर हाच अभ्यास करितात, तेही आपल्या शब्दाबरोबर पुरावा जपून ठेवतात आणि चूक सुधारण्यास जागा ठेवतात. मग महिन्याभराच्या अभ्यासावर मीं एवढी खात्री कशाच्या बळावर दिली होती?

तेव्हांपासून माझ्या वहीचा नियम बदलला आहे. प्रत्येक ठशाखालीं जागा, दिनांक, झाड किंवा माती, वास, दांड्याचा बुंधा, बीजाणूंचें माप हें सर्व लिहितों. नांवाची जागा पुष्कळदां कोरीच राहते. पूर्वीं ती कोरी जागा पाहून मला लाज वाटे. आतां वाटत नाहीं. वहीच्या पहिल्या पानावरचें तें विद्वत्तेचें वाक्य मीं खोडलें नाहीं. त्याच्या खालीं तो हिरवा कागद चिकटवून ठेविला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, ज्यांच्यापाशीं सूक्ष्मदर्शक यंत्र नाहीं त्यांनीं खट्टू होऊं नये. एक कागद, एक वाडगा आणि एक रात्र एवढ्यावर ही विद्या सुरू होते. पहिल्या दोन वस्तू कोणाच्याही घरीं सांपडतात. तिसरी मात्र स्वतःजवळून द्यावी लागते.

माझी बहीण आतां आठ वर्षांची झाली आहे. त्या रात्रीचें तिला फारसें आठवत नाहीं. यंदाच्या पावसाळ्यांत ती माझी मदतनीस होती. मी छत्री कागदावर ठेवली कीं वाडगा झांकण्याचा मान तिचा. एकदां मला राहवलें नाहीं, आणि निजण्यापूर्वीं मी हळूच वाडग्याची कड उचलूं लागलों. तिनें दोन्ही हात वाडग्यावर ठेविले आणि म्हणाली, “दादा, उद्यां.”